मितींची संख्या आणि परमेश्वराचे परत्व

उरण तालुक्यातील मोरा येथील एका उपदेशी गृहस्थांनी पत्राने एक शंका विचारली आहे. शंका थोडक्यात अशी : लांबी, रुंदी व उंची या अवकाशाच्या तीन मिती आणि काल ही चौथी, एवढेच आपल्या अनुभवास येते. परंतु आधुनिक पदार्थविज्ञान दहा किंवा अकरा मितींची भाषा बोलते. त्यावरून काही वक्ते असे सांगू लागले आहेत की, स्वर्ग, कैलास, वैकुंठ ही स्थाने पाचव्या-सहाव्या मितीत असून परमेश्वर सर्वांत वरच्या मितीत आहे आणि विज्ञानाने आता हे सिद्ध केले आहे. हे ग्राह्य मानावे काय? पत्राच्या अखेरीस त्यांनी आणखी लिहिले आहे की, घरातील एक तरुण मनुष्य वर्षापूर्वी गेला. तो 'दुसऱ्या मितीत' आहे, द्रव्य दिल्यास त्याच्याशी बोलणे करून देऊ, असे सांगणारा एक इसम त्यांच्याकडे येऊन गेला.

या शेवटच्या वाक्यामुळे ही शंका केवळ बुद्धिविलासाची राहत नाही. तिचे उत्तर चुकले तर कोणाचे द्रव्य जाईल, कोणाची श्रद्धा जाईल. म्हणून तीन प्रश्न वेगळे करून विचार केला पाहिजे. मिती म्हणजे काय? अधिक मिती आहेत यास प्रमाण काय? आणि त्या असल्याच, तर परमेश्वर त्यांपैकी एखादीत आहे असे म्हणता येईल काय?

मिती म्हणजे काय

मोरा बंदराच्या रहिवाशास हा विषय समजण्यास कठीण नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच कोठे आहे हे नकाशावर दाखवावयाचे तर दोन अंक पुरतात : पूर्वेस किती आणि उत्तरेस किती. परंतु ती धक्क्यास लागेल की नाही, हे तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी पाण्याची उंची ठाऊक असावी लागते. बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीस लाँच धक्क्यापर्यंत पोहोचत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. शिवाय पाण्याची उंची घटकेघटकेस बदलते, म्हणून वेळही सांगावी लागते. नकाशावरचा तोच बिंदू सकाळी समुद्र असतो आणि दुपारी चिखल. पूर्व, उत्तर, उंची आणि वेळ असे चार अंक मिळाले म्हणजे लाँच व प्रवासी यांची गाठ पडते. एखादी घटना निश्चित करण्यास जितके परस्परस्वतंत्र अंक लागतात, तितक्या तिच्या मिती.

आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांताच्या आधारे हर्मान मिंकोव्स्की यांनी १९०८ साली दाखविले की, अवकाश व काल ही दोन वेगळी पात्रे नसून चार मितींचे एकच वस्त्र आहे. पुढे १९१५ साली आइन्स्टाइन यांनी हे वस्त्र जड पदार्थांच्या सान्निध्यात वाकते असे सिद्ध केले. येथपर्यंतचे सर्व प्रयोगाने वारंवार पडताळलेले आहे.

गणितज्ञ मात्र 'मिती' हा शब्द याहून मोकळेपणी वापरतात. व्यापाऱ्याच्या खतावणीत दहा रकाने असतील आणि प्रत्येक रकाना दुसऱ्यावर अवलंबून नसेल, तर गणिताच्या दृष्टीने त्या खतावणीतील प्रत्येक नोंद दहा मितींतील एक बिंदू होय. बर्नहार्ट रीमान यांनी १८५४ सालीच कितीही मितींच्या अवकाशाची भूमिती मांडून ठेविली. तेव्हा 'दहा मिती आहेत' असे वाक्य कानी येताच सूज्ञाने विचारावे : 'आहेत' म्हणजे कशा? खतावणीच्या रकान्यांसारख्या, की मोरा बंदराच्या पाण्याच्या खोलीसारख्या? पहिल्या अर्थाने त्या आहेतच, त्याविषयी कोणाचा विवाद नाही. विवाद आहे तो दुसऱ्या अर्थाविषयी.

पूर्वपक्ष

अधिक मिती खरोखरच पदार्थरूपाने आहेत, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. तो त्यांच्याच बळाने मांडला पाहिजे.

१९२१ साली थिओडोर कालुत्सा यांनी दाखविले की, अवकाशाला आणखी एक मिती दिली तर गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्चुंबकत्व ही दोन बले एकाच गणितातून निघतात. ती मिती दिसत का नाही, याचे उत्तर ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ साली दिले : ती अत्यंत लहान वर्तुळात गुंडाळलेली आहे. धक्क्याला बांधलेला दोर दूरच्या होडीतून पाहिला तर केवळ एक रेघ दिसतो. त्याच दोरावर चालणाऱ्या मुंगीला मात्र पुढे-मागे जाण्याप्रमाणेच दोराभोवती फिरताही येते. रेघेला जाडी होतीच, ती पाहणाऱ्याच्या आवाक्यात नव्हती.

पुढे तंतुसिद्धांत, म्हणजे ज्याला स्ट्रिंग थिअरी म्हणतात तो, पुढे आला. सृष्टीचे मूळ घटक बिंदूसारखे नसून कंप पावणाऱ्या सूक्ष्म तंतूंसारखे आहेत, असे तो मानतो. हे मानले तर गणितातील विसंगती टाळण्यासाठी एकूण दहा मिती घ्याव्या लागतात. एडवर्ड विटन यांनी १९९५ साली मांडलेल्या व्यापक रूपात त्या अकरा होतात.

या विचाराचे एक मोठे पीठ मोरा बंदराच्या पलीकडे, मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाब्याला आहे. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या सिद्धांताचा अनेक वर्षे अभ्यास चालू आहे, आणि जानेवारी २००१ मध्ये या विषयाची जागतिक परिषद मुंबईत त्या संस्थेने भरविली होती. याच संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी शमित कचरू, रेनाटा कॅलॉश व आंद्रेई लिंडे यांच्यासह २००३ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो जगभर गाजला. प्रश्न असा होता की, गुंडाळलेल्या सहा मिती गुंडाळलेल्याच का राहतात, त्या सैल होऊन पसरत का नाहीत? आणि विश्वाचे प्रसरण वेगाने होत आहे, त्याच्याशी हे कसे जुळावे? त्या चौघांनी या मितींचा आकार स्थिर राहू शकेल अशी एक गणिती रीत दाखविली. ती निर्दोष आहे काय, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. परंतु मुंबईत बसून सहा अदृश्य मितींना आवर घालण्याचा विचार इतक्या बारकाईने केला गेला, ही गोष्ट आपण आदराने लक्षात ठेविली पाहिजे. हा खेळ नव्हे.

परीक्षा

आता प्रमाणाचा विचार करू. न दिसणारी वस्तू अनुमानाने मानता येते, परंतु अनुमानाचे बळ किती हे पाहावे लागते. मोऱ्याजवळच्या घारापुरी बेटावरील लेण्यात सुमारे सहाव्या शतकातील महेशमूर्ती आहे. तीन मुखे दिसतात म्हणून लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात. मूर्तिशास्त्राचे जाणकार तिला सदाशिव मानतात आणि सांगतात की, चौथे मुख पाठीमागे व पाचवे वर आहे असे समजावे. हे अनुमान शास्त्राला धरून आहे. म्हणून मागचा खडक फोडला तर चौथे मुख सापडेल काय? सापडणार नाही. अर्थ पूर्ण व्हावा म्हणून ते आहे, पाषाणात ते नाही. तंतुसिद्धांताच्या सहा मिती या चौथ्या मुखासारख्या आहेत की दोराच्या जाडीसारख्या, हे गणित एकटे सांगू शकत नाही. प्रयोगच सांगू शकतो.

प्रयोग काय सांगतात? दिव्यापासून दुप्पट अंतरावर गेले तर प्रकाश चौथाईवर येतो, कारण तो तीन मितींत पसरतो. गुरुत्वाकर्षणाचेही तसेच आहे. अवकाशाला आणखी एक मोठी, मोकळी मिती असती तर दुप्पट अंतरावर बल अष्टमांश झाले असते, आणि पॉल एरेनफेस्ट यांनी १९१७ साली दाखविल्याप्रमाणे सूर्याभोवती ग्रहांच्या कक्षा टिकल्या नसत्या. आपण सूर्याभोवती फिरत आहोत, हाच मोठ्या चौथ्या अवकाशमितीविरुद्ध पुरावा होय. १९९८ साली काही शास्त्रज्ञांनी असा तर्क मांडला की, गुंडाळलेली मिती मिलिमीटरइतकी मोठी असून केवळ गुरुत्वाकर्षणालाच तिच्यात प्रवेश असेल. तेव्हापासून अत्यंत नाजूक तराजूंनी तपास चालू आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०२० साली दाखविले की, सुमारे ५२ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अंतरापर्यंत गुरुत्वाकर्षणाचा जुना नियमच लागू पडतो. जिनिव्हाजवळच्या प्रचंड कणवेगवर्धकातही अधिक मितींची खूण आजवर आढळली नाही.

दुसरी कसोटी आकाशातून आली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या, आणि सुमारे पावणेदोन सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण आले. ती दीर्घिका सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. गुरुत्वाकर्षण मोठ्या अदृश्य मितीत झिरपत असते, तर लहरी अपेक्षेपेक्षा क्षीण होऊन आल्या असत्या. तसे झाले नाही. लहरींवरून काढलेले अंतर व प्रकाशावरून काढलेले अंतर परस्परांशी जुळले, म्हणजे हिशोब तीन अवकाशमिती व एक काल एवढ्यावरच भागला. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या रीती घडविण्यात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे, हे मराठी वाचकांना सांगितले पाहिजे. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे व्हावयाची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चास मान्यता दिली.

तात्पर्य काय? मोठ्या, मोकळ्या, ज्यात कोणी राहू शकेल अशा अधिक अवकाशमितीला आजवर आधार मिळालेला नाही. अतिसूक्ष्म गुंडाळलेल्या मिती असतील किंवा नसतील, प्रयोगांनी त्या सिद्धही केलेल्या नाहीत व खोडूनही काढलेल्या नाहीत. आणि त्या असल्या तरी तंतुसिद्धांताच्या नेहमीच्या हिशोबाने इतक्या लहान की, त्यांत अणूचे केंद्रकही मावत नाही. अशा जागी वैकुंठ वसविणे हे विज्ञानासही मान्य नाही आणि शास्त्रासही शोभणारे नाही. तेव्हा 'विज्ञानाने सिद्ध केले आहे' हे त्या वक्त्यांचे वाक्य सरळ असत्य आहे. सत्यवचन हा धर्माचा भाग असेल, तर परमेश्वराच्या मोठेपणासाठीसुद्धा असत्य बोलणे आपणांस विहित नाही.

सिद्धांत

कोणी म्हणेल : आज सिद्ध नाही, परंतु उद्या सिद्ध झाले तर? पन्नास वर्षांनी औंढ्याच्या किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्राने पाचवी मिती दाखविली, तर परमेश्वर तेथे आहे असे म्हणावे काय?

तरीही म्हणता येणार नाही. कारण आपल्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ सांगितले आणि ते परस्परांहून भिन्न ठेविले. प्रपंच अष्टधा आहे : पाच भूते व तीन गुण. त्या पाच भूतांत आकाशही आहे. ज्यात सर्व वस्तू राहतात ते आकाशसुद्धा शास्त्राने परमेश्वराच्या बाजूला न ठेविता प्रपंचाच्या बाजूला ठेविले, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. आइन्स्टाइनचे वाकणारे अवकाश आणि आपले आकाशभूत एकच, असे येथे सुचवावयाचे नाही. तसे म्हणणे म्हणजे ज्या चुकीला आम्ही दोष देतो तीच करणे होय. म्हणणे एवढेच की, जे मोजले जाते, वाकते, गुंडाळले जाते आणि उलगडते, ते चारांपैकी कोणत्या पदार्थात घालावयाचे हे आपल्या शास्त्राने आधीच ठरवून ठेविले आहे. मिती चार निघोत, दहा निघोत की अकरा, प्रपंचाचे माप वाढेल. प्रपंच परमेश्वर होणार नाही.

कुलाब्याच्या ज्या निबंधाचा वर उल्लेख केला, त्यातही एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्यातील स्थिरता कायमची नाही. अतिदीर्घ काळानंतर का होईना, ती मोडेल आणि गुंडाळलेल्या मिती उलगडून पसरतील, असे तेच गणित सांगते. म्हणजे ज्या मितीत कोणी परमेश्वराला बसवू पाहील, ती मिती स्वतःच अनित्य आहे.

येथे दुसरी शंका येईल : वरच्या मितीत गेलेल्यास खालच्या मितीची बंधने तुटतात, मग मोक्षही तसाच का मानू नये? यासही उत्तर जवळच आहे. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी उघडला. जो उरणकर पाण्याच्या पृष्ठभागाशी आणि भरती-ओहोटीशी बांधलेला होता, तो आता पाण्याच्या वरून जातो, त्याला गाळ अडवीत नाही. उंचीच्या मितीने अडथळा ओलांडला, हे खरे. पण पलीकडे उतरला तो मनुष्य तोच. त्याचे देणे, त्याचा लोभ, त्याचे रोग, सारे त्याच्याबरोबर पुलावरून गेले. जयंत नारळीकर यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या विज्ञानकथेत अवकाशाच्या पिळातून फिरून आलेली वस्तू आरशातल्यासारखी उलट होऊन येते, डावे ते उजवे होते. गणिताने ते बरोबर आहे. कागदाचा उजवा पाय उचलून पालथा केला की डावा होतो, तसेच ते. परंतु कोणत्याही मितीतून फिरवून आणले तरी पापाचे पुण्य होत नाही आणि अविद्या ज्ञान होत नाही. जीवाचे बंधन अनादि अविद्येचे आहे, जागेचे नाही. म्हणून जागा बदलल्याने ते सुटत नाही. देवतांची फळे एकाहून एक चढती आहेत असे शास्त्र सांगते, आणि त्याच श्वासात ती सर्व भोगून जीवास परतावे लागते असेही सांगते. चढण्याने मोक्ष मिळत असता, तर मग परमेश्वराने अवतार घेण्याचे प्रयोजनच उरले नसते.

केशिराजबासांनी संग्रहिलेल्या दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. अंध माणसांनी एकेक अवयव चाचपला आणि तोच हत्ती असे प्रत्येकाने सांगितले. हाताला लागले ते खोटे नव्हते, त्यालाच सगळा हत्ती समजणे खोटे होते. गणिताच्या हाताला जे लागले ते खरे असेल, परंतु त्यास 'परमेश्वर' हे नाव देणे हा तोच प्रमाद आहे. आणखी एक धोका आहे. जी श्रद्धा आजच्या प्रयोगाच्या टेकूवर उभी केली, ती उद्याच्या प्रयोगाने कोसळते. पाचवी मिती नाही असे उद्या ठरले, तर त्या वक्त्यांचा परमेश्वरही नाहीसा व्हावयाचा.

अवतार आणि स्थान

आता मुख्य गोष्ट. परमेश्वर देश-कालाच्या पर आहे, हे खरे. परंतु आपल्या मार्गाचे मर्म तो पर आहे एवढ्यावर संपत नाही. जो पर आहे तो जीवाच्या उद्धरणासाठी मनुष्यवेष घेऊन देश-कालात आला, यात ते आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी गोदातीरी चालले, भिक्षा केली, एखाद्या झाडाखाली बसले, एखाद्या ओसरीवर निजले. म्हाइंभटांनी लीळा जमविल्या, त्या कोठे झाल्या हे शोधीत जमविल्या. मुनिव्यासांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्थानपोथीत तर ही लीळास्थाने कोणत्या गावी, कोणत्या दिशेस, कशाच्या बाजूला आहेत हे टिपून ठेविले आहे. पूर्वेस किती, उत्तरेस किती, याचीच ती नोंद. अमर्यादाचे पाय या तीन मितींच्या भूमीवर लागले, म्हणून आपण ओट्यास दंडवत घालतो. त्यासाठी पाचव्या मितीची वाट शोधावी लागत नाही. ज्यास परमेश्वर हवा आहे त्याने वर पाहण्यापेक्षा त्याच्या नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण करावे, हीच आपल्या मार्गाची दिशा होय.

म्हणून पत्रातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो. गेलेला मनुष्य 'दुसऱ्या मितीत' बसून आपली वाट पाहत आहे, असे मानण्यास विज्ञानात आधार नाही आणि शास्त्रातही नाही. जीव नित्य आहे, देह पडल्यावर तो कर्मानुसार पुढील फळास जातो. त्याच्याशी बोलणे करून देण्याचा व्यापार कोणाच्याही हाती नाही. जो तसे सांगून द्रव्य मागतो त्यास रिक्त हस्ते परत पाठवावे. यात मृताविषयी प्रेम कमी होत नाही. ज्या घरी तरुण मनुष्य गेला त्या घरचे दुःख मोठे आहे, त्यास तर्काने हसणे पाप होय. परंतु दुःखी माणसाला खोटी आशा विकणे हे त्याहून मोठे पाप आहे. त्या द्रव्यातून एखाद्या भुकेल्याला अन्न द्यावे, घरी नामस्मरण करावे, आपल्या उपदेशकर्त्या महंतांजवळ मन मोकळे करावे आणि राहिलेल्यांना जपावे.

मितींचा शोध शास्त्रज्ञांनी निर्भयपणे करावा, त्यात आपणांस भय नाही. त्यांना सापडेल तेही परमेश्वराच्या पर असणार नाही, आणि त्यांना न सापडल्याने परमेश्वरास उणेपण येणार नाही. आपल्या मुलांनी हे विज्ञान शिकावे, औंढ्याच्या वेधशाळेत काम करावे, कुलाब्याच्या संस्थेत जावे. तेथे मोजावे, पडताळावे, चुकले तर चुकले म्हणावे. आणि घरी येऊन स्मरण करावे. या दोन्ही कामांत खरे बोलण्याचा नियम एकच आहे.

सर्व संत-महंत व सद्भक्तांस दंडवत प्रणाम.